गाजुल सरांविरुद्धचा अर्ज

गाजुल सर वर्गात आले की आधी त्यांच्या भुवयांकडं बघायची आम्हाला सवय लागली होती. भुवयांवर, कानाच्या पाळीवर, कधी कॉलरच्या मागं कापसाचे बारीक तंतू अडकलेले असायचे. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं घर, आणि घरातच टॉवेलचे चार माग. कॉलेजला यायच्या आधी तासभर ते मागावर उभे राहायचे. नंतर आंघोळ करूनच निघायचे, तरी तंतू काही सुटायचे नाहीत. पहिल्या बाकावरची एखादी मुलगी स्वतःच्या भुवईला बोट लावून दाखवायची. सर रुमालानं पुसायचे आणि म्हणायचे, "थँक्यू. आता सुरू करू की."

मागांच्या खडखडाटात लहानाचे मोठे झाल्यामुळं हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. ते बारावीच्या वर्गात शिकवायला लागले की खालच्या मजल्यावरच्या वाणिज्य शाखेच्या पोरांनाही भौतिकशास्त्र ऐकू जायचं. त्याच मागांनी त्यांना आणखी एक विद्या दिली होती. कारखान्यात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, त्यामुळं सरांना ओठ वाचता यायचे. एकदा मी शेवटच्या बाकावर मैत्रिणीशी नुसते ओठ हलवले. सर म्हणाले, "मोहोळकर, 'कंटाळा' हा शब्द ओठांवर लई स्पष्ट दिसतो बघ." सगळा वर्ग हसला. मीही हसले. सर तर सगळ्यांत जास्त हसले.

या माणसाबद्दल लिहायचं असं मी गेली दोन वर्षं ठरवतेय. बसले की त्यांच्या गमतीच आठवतात आणि मी त्याच लिहायला लागते. लिहिलेलं वाचलं की कळतं, आपण फक्त गमती लिहितोय आणि एक गोष्ट सोडून देतोय. या वेळी ती सोडणार नाही.

सरांच्या हातात कायम एक कापडी पिशवी असायची. तीत पुस्तक कधीच नसायचं. फुटक्या स्पीकरमधलं चुंबक, तांब्याची तार, होकायंत्र, सुताची कांडी असलं काहीतरी निघायचं. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात कसा फिरतो हा धडा सुरू झाला, त्या दिवशी त्यांनी दोन मुलांच्या मदतीनं घरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही रिक्षातून आणला होता. टीव्ही लावला, मुंग्या दिसायला लागल्या, तशी काचेजवळ चुंबक धरलं. मुंग्या सगळ्या एका बाजूला ओढल्या गेल्या.

"मागून इलेक्ट्रॉन येतायत," सर ओरडले. "सरळ यायचे ते वाकडे झाले. कोणी वाकडं केलं? चुंबकानं. आता नीट ऐका. चुंबकानं त्यांचा वेग वाढवला का? नाही. कमी केला का? नाही. नुसती दिशा बदलली. ढकलणं वेगळं आणि वळवणं वेगळं. कळलं का बे?"

मुलगा असो की मुलगी, ते सगळ्यांना 'बे' म्हणायचे.

ब्लॅक अँड व्हाइटवर त्यांचं समाधान झालं नाही. रंगीत पडद्यावर काय होतं ते दाखवायला ते आम्हाला थेट कॉलेजच्या ऑफिसात घेऊन गेले. तेव्हा तिथं जाडजूड डब्यासारखा मॉनिटर होता. हेडक्लार्क चहाला गेलेले. सरांनी चुंबक फिरवलं आणि पडद्यावर मोरपिसासारखे रंग पसरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. चुंबक काढलं, पण रंग तसेच राहिले. सरांचा चेहरा पडला. हेडक्लार्क परत आले तेव्हा फी भरलेल्या मुलांची यादी अर्धी हिरवी आणि अर्धी जांभळी झाली होती.

"सर, तुमचं विज्ञान तुमच्या प्रयोगशाळेत ठेवा की!" हेडक्लार्क म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी तारेचं मोठं वेटोळं करून आणलं, त्यात वीज सोडली आणि पडद्यासमोर गोल गोल फिरवत हळूहळू मागं सरकत दारापर्यंत गेले. रंग गेला. हेडक्लार्कना ती आरती ओवाळल्यासारखी वाटली असावी, कारण त्यांनी नकळत हात जोडले. एका कोपऱ्यात बोटभर जांभळा डाग मात्र उरला. "तो सरांचा," असं ते पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सर विज्ञानाचं भित्तिपत्रकही चालवायचे. महिन्याला एक मोठा कागद, मजकूर मराठीत. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. सर शेजारी बसून सांगायचे आणि मी लिहायचे. "'विद्युत'चा पाय मोडू नको, मोहोळकर," असं काहीतरी मधेच म्हणायचे. अंक लागला की लांब उभं राहून बघायचे आणि म्हणायचे, "छापल्यासारखं आलंय."

दिवाळीच्या आधी त्यांनी पुंज सिद्धांत, म्हणजे क्वांटम, सुरू केला. आमच्या पुस्तकात तो दोन-तीन पानांचा विषय. सरांनी त्यावर बारा तास घेतले.

फळ्यावर दोन फटी काढल्या. एका बाजूला इलेक्ट्रॉन सोडणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला पडदा. "एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा. तो पडद्यावर पोचला, ठिपका उमटला, मग दुसरा. दोघांची गाठभेट नाही. असे हजारो सोडले. पडद्यावर काय दिसेल?"

कुणीतरी म्हणालं, "दोन फटींच्या समोर दोन पट्टे."

"तसंच दिसायला पाहिजे. पण दिसतात कितीतरी पट्टे. पाण्यात दोन दगड टाकल्यावर लाटा एकमेकींत मिसळतात तसे. एक फट बंद करा, पट्टे गेले. उघडा, पुन्हा आले. मग मला सांगा, इलेक्ट्रॉन तर एकटाच गेलाय. शेजारची फट उघडी आहे हे त्याला कळतं कसं?"

सर खडू हातात घेऊन आमच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मला कळत नाही."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"गणित येतं मला. उत्तर बरोबर येतं. पण कळत नाही. पंधरा वर्षं झाली, दर वर्षी हा धडा आला की वाटतं, या खेपेला कळेल." आणि ते हसले. आपल्या घरातली मौल्यवान वस्तू कपाटातून काढून पाहुण्यांना दाखवावी, तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

मी तेव्हा वैतागले होते. प्रवेश परीक्षा जवळ येत होती. आमच्यातले बरेचजण सकाळी खासगी क्लासला जायचे. तिथले सर मिनिटाला एक गणित सोडवायचे. त्यांनी एकदा आमच्या वह्या बघून विचारलं, "तुमचे कॉलेजचे सर तुमच्याकडून पीएचडी करून घेतायत की काय?" आम्ही शरमलो. ती शरम आम्ही गाजुल सरांवर काढली.

अर्ज द्यायचं ठरलं. लिहायचा कुणी? माझं अक्षर बरं होतं.

'माननीय प्राचार्य यांच्या सेवेशी' अशी सुरुवात. सर अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, वेळ वाया घालवतात, ऑफिसातल्या विद्युत यंत्राचं नुकसान करतात, असं सगळं लिहिलं. एवढं लिहूनही अर्जात जोर वाटेना. मग मी एक वाक्य घातलं, आणि ते कुणी सांगितलेलं नव्हतं, माझंच होतं: 'सदर विषय आपल्याला स्वतःलाच कळत नाही, अशी कबुली सरांनी भर वर्गात दिली आहे.' वाचून सगळे म्हणाले, "हे भारी आहे." मला बरं वाटलं. सही करताना मात्र मी पहिली केली नाही. बाकीच्यांच्या सह्या होऊ दिल्या आणि मधल्या एका रिकाम्या जागेत माझी केली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर दोन आठवडे होते. त्या दोन आठवड्यांत पिशवी आली नाही. गाइड आलं. त्यातली गणितं ते फळ्यावर सोडवायचे आणि आम्ही उतरवायचो. भुवयांवर तंतू असले तरी कुणी बोट लावून दाखवत नव्हतं. मग कळलं, त्यांची बदली झाली. आमच्याच संस्थेची होटगीच्या पलीकडं एका गावात शाळा होती, आठवी ते दहावीची. तिथं प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. जायच्या आधी त्यांनी आमच्या प्रयोगवह्या तपासून दिल्या. माझ्या वहीत शेवटच्या पानावर नेहमीसारखी लाल सही होती, आणि गुण पैकीच्या पैकी होते.

मला चांगले मार्क पडले. पुढं शिकले. भौतिकशास्त्रच घेतलं, मग त्यातलं वैद्यकीय अंग. आता सोलापुरातच एका कर्करोग रुग्णालयात काम करते. रेडिएशनच्या मशीनमधून कुठल्या रुग्णाला किती मात्रा जाते ते मोजणं, तपासणं हे माझं काम. हे मशीन म्हणजे दुसरं काही नाही. इलेक्ट्रॉन काढायचे, पळवायचे आणि चुंबकानं वळवून रुग्णाकडं न्यायचे. सरांची आठवण रोज यायला पाहिजे होती. मी ती येऊ देत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी टेबलावर एक फाईल आली. रुग्णाचं नाव, पद्मा अंबादास गाजुल. स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली, आता रेडिएशन. सोबत येणारे, पती. व्यवसाय, शिक्षक.

पहिले तीन दिवस मी बाहेरच आले नाही. काचेआडच्या खोलीत बसून राहिले आणि नातेवाइकांशी बोलायचं काम सहकाऱ्यावर ढकललं. चौथ्या दिवशी आवाज ऐकू आला. रुग्णालयात हळू बोलायचा ते प्रयत्न करत होते, आणि ते त्यांना अजूनही जमत नव्हतं.

अक्कलकोटकडची एक आजी आत जायला तयार नव्हती. मुलगा समजावून थकला होता. "आत करंट देत्यात म्हणं," आजी म्हणत होती. "समद्यांनी भाईर यायचं आन मला एकटीलाच कोंडायचं! मी न्हाय जायाची."

सर तिच्यासमोर उकिडवे बसले होते. केस सगळे पांढरे झालेले. "आजी, घरी जुना टीव्ही होता का? डब्यासारखा?"

"व्हता की."

"त्याच्यासमोर बसून मालिका बघितल्या?"

"रोज बगितल्या."

"त्याच्यात मागून बारीक कण यायचे, काचेवर आदळायचे, म्हणून चित्र दिसायचं. तुम्हाला काही झालं का? नाही ना? हे आतलं मशीन त्याचा थोरला भाऊ हाय. ताकद त्याची जास्त हाय, म्हणून बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. तुमचं जिथं दुखणं हाय तिथंच तो बघतोय, दोन मिनिटं. कॅमेऱ्यातून ह्या पोरी तुमच्याकडं बघत असत्यात."

आजीनं विचार केला. "मग मालिका न्हाय लावत व्हय आत?"

सगळे हसले. आजी उठली आणि आत गेली. सर वर उठताना त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्यावर पडली.

"मोहोळकर," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी, एका क्षणात. "हितं आहेस होय तू! पद्मा, बघ, माझी विद्यार्थिनी. हे मशीन हीच सांभाळते."

पद्माताई बाकावरून उठून माझ्याकडं आल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आता मला भ्या नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सर रोज काहीतरी विचारायचे. इलेक्ट्रॉनला पळवता कसं? हवेत त्यांची ऊर्जा किती जाते? एरवी आम्ही इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून त्यातून निघणारे क्ष-किरण वापरतो, पण शेवटचे काही दिवस पद्माताईंना थेट इलेक्ट्रॉनचाच मारा द्यायचा होता. तो फार खोल जात नाही, वरच्या भागातच काम करतो आणि फुप्फुसाला कमी त्रास होतो. हे सांगितलं तेव्हा सर पद्माताईंकडं वळले आणि घरच्या तेलुगूत काहीतरी म्हणाले. त्या हसल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणत्यात, आयुष्यभर ज्याच्या नादात तुला त्रास दिला, तोच आता तुझ्या कामाला आला."

मधे एका दुपारी देखभालीसाठी मशीन बंद होतं. वरचं झाकण काढलेलं. मी सरांना बोलावलं. ते चपला बाहेर काढून आत आले. मी नको म्हटलं, तरी काढल्याच. हात पाठीमागं बांधून ते मशीनभोवती फिरले. कशालाही हात लावला नाही. मी दाखवत गेले: इथं इलेक्ट्रॉन निघतात, या नळीत वेग घेतात, इथं चुंबक त्यांना खाली वळवतं.

"नव्वद अंशात?"

"नाही सर. दोनशे सत्तर. उलटा मोठा फेरा घेऊन."

ते वाकून बघत राहिले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "थांब, सांगू नको. सगळ्यांची ऊर्जा सारखी नसणार. जास्तवाल्याचं वळण मोठं, कमीवाल्याचं लहान. नव्वदमधे वळवले तर पांगणार. लांबच्या फेऱ्यात पांगलेले परत एका जागी येत असतील. बरोबर?"

"बरोबर सर."

"काय डोकं लावलंय बे!" ते ओरडले. बंद खोलीत त्यांचा आवाज घुमला. मशीन दुरुस्त करणाऱ्यानं दचकून वर पाहिलं.

तो चहाला गेला तेव्हा मी म्हणाले, "सर, तो अर्ज मी लिहिला होता."

त्यांनी मशीनवरची नजर काढली नाही. "माहीत आहे की. प्राचार्यांनी कागद पुढं केला. अक्षर बघितलं आणि पहिल्यांदा मनात आलं, हिनं 'विद्युत'चा पाय मोडलेला नाही." ते थोडं हसले. "भित्तिपत्रक तुझ्याच अक्षरात बाहेर लागलेलं होतं. त्यांनी ओळखलं नाही. मी सांगितलं नाही."

"आणि ते कळत नाहीवालं वाक्य..."

"ते खरंच होतं. मी म्हणालो होतो तसं."

मला वाटलं, संपलं. त्यांनी माफ केलं. मी 'सॉरी सर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते पुढं बोलले.

"प्राचार्यांनी मला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, गाजुल, शिक्षकानं असं म्हणायचं नसतं. नवीन शाळेत गेलो. तिथली पोरं हुशार हायत, लई प्रश्न विचारतात. आभाळ निळं का, चुंबकाला लोखंडच का लागतं. सगळं आपल्याला येत नसतं. पण पुन्हा कधी पोरांसमोर म्हणालो नाही, की मला कळत नाही. काहीतरी उत्तर द्यायचो. एखाद्याला गप्प बसवायचो." त्यांनी मान हलवली. "एका पोराला तर मारलं पण. प्रश्न चांगला होता त्याचा."

बदली, लांबच्या गावी जाणं, कपाटाची प्रयोगशाळा या सगळ्याची माफी मी मनात तयार करून ठेवली होती. या गोष्टीची नव्हती. मी त्यांचं काय घेतलं ते मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

सरांनी बाहेर जाऊन चपला घातल्या. "पद्मा वाट बघत असेल," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले ते नेहमीसारखेच. अक्कलकोटच्या आजीनं त्यांच्यासाठी शेंगाची चटणी आणली होती. ती त्यांनी मलाही कागदात बांधून दिली.

शेवटच्या दिवशी पद्माताईंनी सगळ्यांना पेढे वाटले. सर जाता जाता थांबले. "मोहोळकर, एकदा आमच्या शाळेत ये की. पोरांना हे मशीन सांग. मी सांगितलेलं त्यांना गोष्ट वाटते. तू रोज बघतेस. माझी नोकरीची दोन-तीन वर्षं राहिलीत, त्याच्या आत ये."

"येते सर. नक्की येते," मी म्हणाले.

गेले नाही. जुळे सोलापूर भागातल्या माझ्या फ्लॅटपासून ती शाळा स्कूटीवर पाऊण तासाची. पहिल्या महिन्यात म्हटलं कामं आहेत, मग उन्हाळा, मग परीक्षा. खरं कारण मला माहीत आहे. तिथं वर्गात ते माझी ओळख करून देतील, पोरांना मोठ्या आवाजात सांगतील, 'ही माझी विद्यार्थिनी,' आणि मला तिथं उभं राहावं लागेल.

पद्माताई तपासणीला येतात. प्रकृती उत्तम आहे. सोबत आता मुलगी असते. पद्माताई दर वेळी सांगतात, "सर विचारत होते." मी दर वेळी म्हणते, "पुढच्या महिन्यात."

गेल्या महिन्यात सात रस्ता चौकात मी सिग्नलला थांबले होते. पलीकडं दोघं उभे होते, रस्ता ओलांडायच्या तयारीत. सरांच्या हातात नव्या झाडूंचा जुडगा होता, बहुधा शाळेसाठी घेतलेला. पद्माताईंनी त्यांचं मनगट धरलं होतं आणि त्या गाड्यांकडं बघत होत्या. सर मात्र चौकातल्या पोलिसाला हातवारे करत मोठमोठ्यानं काहीतरी समजावत होते. पोलीसही ऐकत होता. मग पद्माताईंनी ओढलं आणि दोघं निघाले. माझ्या चाकापासून चार हातांवरून गेले.

हेल्मेटची काच खाली होती. ती वर करायला एक बोट पुरलं असतं. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला आणि मी निघाले.